बैल फरशीवर बुजतो, ही भीती डोक्यात नेमकी कुठे बसते आणि निघते का?

तापीथडी (धागाकर्ता)

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे तापी खिल्लारची जोडी आहे, सर्जा आणि पाखऱ्या. दोन्ही घरच्या गायीचे, गोऱ्हे होते तेव्हा मीच त्यांना औताला धरलं. भाद्रपदात चारा घेऊन येत होतो, गाडी नाल्याच्या फरशीवर, म्हणजे सिमेंटच्या बुटक्या पुलावर असताना मागून वाळूचा डंपर आला आणि अगदी पाठीशी येऊन त्याने प्रेशर हॉर्न दाबला. पाखऱ्या उजव्या अंगाला होता, तो असा उडाला की जू वाकडं झालं, एक चाक कडेवरून खाली गेलं आणि तो पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर आला. गुडघे सोलले, ते पंधरा दिवसात भरून निघाले.

पण तेव्हापासून तो त्या फरशीवर पाय ठेवत नाही. फरशीच्या दहा-बारा पावलं अलीकडे एक बाभूळ आहे, तिथूनच त्याचं चालणं बदलतं. आधी कान पुढे होतात. मग मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, पाठीवरची कातडी माशी बसल्यासारखी थरथरते आणि माशी तर नसते. मग थांबतो, खुंटासारखा. डोळ्यातला पांढरा भाग दिसायला लागतो, पातळ शेण टाकतो. सालदाराने आर टोचली की एकदम गाडीसकट मागे वळतो, परवा जूच मोडता मोडता राहिलं.

दादा म्हणतात खोड लागली, आता कपाशी घरी येऊ दे आणि बाजारात नेऊन उभा कर. माझं मन मानत नाही. तो घरी, शेतात, गावातल्या रस्त्यावर पहिल्यासारखाच चालतो, ट्रॅक्टर शेजारून गेला तरी बघत नाही, फक्त तिथेच असं करतो. माझा प्रश्न एवढाच की हा हट्ट आहे का खरंच भीती आहे, आणि भीती असेल तर ती जनावराच्या मेंदूत तयार कशी होते आणि काढता येते का. ज्यांना माहिती आहे त्यांनी जरा खोलात लिहा, मला समजून घ्यायचंय.

आबा_पारोळा

बैलना मनमा भ्याव बसेल शे भो, त्याले मारू नको. माझ्या वडिलांचा एक बैल विहिरीजवळ बुजायचा, त्याला कोणी काही केलं नव्हतं, त्याच्या डोळ्यादेखत दुसरा बैल विहिरीत पडला होता. आपल्या भाषेत बघा किती शब्द आहेत, बुजणं वेगळं, दचकणं वेगळं, बिथरणं वेगळं आणि उधळणं वेगळं. जुन्या लोकांनी हे सगळं बघूनच नावं दिलेली आहेत. खोडील बैल कुठेही खोड काढतो, एकाच जागी थांबणारा बैल खोडील नसतो.

केळीबाग

आबांचा मान राखून सांगतो, आमच्या रावेरकडे असं जनावर दोन माणसं पुढे दोन मागे लावून एकदा दाबून पलीकडे नेतात, म्हणजे काही होत नाही हे तो स्वतःच पाहतो. एकदा गेला की सुटला. तुमच्या सालदाराने अर्धवट सोडलं म्हणून त्याला कळलं की थांबलं तर चालतं. वाईट वाटून घेऊ नका पण मला हे लाड वाटतात.

अमळनेरकर

मी मूळची अमळनेरची, सध्या पुण्यात उंदरांच्या मेंदूवर काम करते, आणि माझं कामच भीतीच्या आठवणीवर आहे त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. लांब होईल, सांभाळून घ्या.

आबांनी शब्दांबद्दल जे लिहिलं ते मेंदूच्या दृष्टीनेही खरं आहे. त्या दिवशी फरशीवर दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. हॉर्न वाजला आणि पाखऱ्या उडाला, ते दचकणं. त्यासाठी वरचा मेंदू लागतच नाही. कानातून आलेला आवाज मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, दोन-तीन चेतापेशींच्या साखळीतून थेट मान आणि पायांच्या स्नायूंना जातो. उंदराच्या बाबतीत हे दहा मिलिसेकंदांच्या आसपास उरकतं, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. काय वाजलं, कोणी वाजवलं हे कळायच्या आधी अंग उडालेलं असतं.

पण आज डंपर नाही, हॉर्न नाही, तरी बाभळीपाशी त्याचे कान उभे राहतात, ती दुसरी गोष्ट, शिकलेली भीती. ही जिथे तयार होते त्या भागाचं नाव अमिग्डाला. ग्रीक भाषेत अमिग्डाला म्हणजे बदाम, आकारही तसाच, कानशिलांच्या आत खोल डाव्या-उजव्या बाजूला एकेक. त्याच्या बाहेरच्या बाजूच्या केंद्रात दोन वाटा येऊन मिळतात, एकीकडून आवाज-दृश्य-वास यांची खबर आणि दुसरीकडून दुखण्याची खबर. दोन्ही एकाच वेळी पोचल्या की तिथले जोड घट्ट होतात. नंतर नुसती पहिली खबर आली तरी तीच पेशी पेटते जी आधी दुखल्यावर पेटायची. उंदराला आपण एक सूर ऐकवतो आणि पायाला करंटचा हलका झटका देतो, दोन-तीन वेळा पुरतात, कधी कधी एकदाच पुरतं, मग दुसऱ्या दिवशी नुसता सूर ऐकला की उंदीर जागच्या जागी थिजतो, मिशीसुद्धा हलवत नाही, फक्त श्वास चालू. तुम्ही 'खुंटासारखा' लिहिलंत ना, मी रोज तेच बघते.

आता हट्टाबद्दल. 1980 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जोसेफ लेडू यांनी बघितलं की उंदराच्या मेंदूचा जो वरचा थर आवाज ओळखतो तो काढून टाकला तरी उंदीर सुराला घाबरायला शिकतो. पण त्याच्या खालचं केंद्र, थॅलॅमस, निकामी केलं की शिकत नाही. म्हणजे थॅलॅमसपासून अमिग्डालाकडे एक आडवाट आहे जी वरच्या थराला वळसा घालते. उंदरात आवाजाची खबर या आडवाटेने साधारण 12 मिलिसेकंदांत पोचते, वरून फिरून यायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. दिसणाऱ्या गोष्टींबाबत माणसात ही आडवाट किती कामाची आहे यावर अजून वाद आहे, पण आवाजाचं उंदरातलं पक्कं आहे. तर पाखऱ्या 'थांबलं तर चालतं' असा हिशोब करून थांबत नाहीये हो. त्याला थांबवलं जातंय, आतून.

आणि फक्त तिथेच का? कारण जागेची आठवण हिप्पोकॅम्पस नावाचा दुसरा भाग ठेवतो आणि अमिग्डालाला पुरवतो. 1992 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की हिप्पोकॅम्पसला इजा केली तर ज्या पेटीत झटका बसला त्या पेटीबद्दलची उंदराची भीती जाते पण सुराबद्दलची राहते. तुमच्या बैलाच्या बाबतीत बाभूळ, उतार, नाल्याचा वास, सिमेंटवर खुराचा बदलणारा आवाज हे सगळं मिळून 'ती जागा' झालीय. डंपर तर नुसता निमित्त होता.

केळीभाऊ, दाबून नेण्याबद्दल नंतर लिहिते, त्यात एक मोठी अडचण आहे.

गोठा_डॉक्टर

शिरपूरकडे पशुवैद्यक म्हणून पंचवीस वर्षं फिरतोय. ताईंनी फार छान मांडलं. मी फक्त अंगात काय होतं ते सांगतो कारण ते मला रोज हाताला लागतं.

अमिग्डालाच्या मधल्या केंद्रातून हुकूम सुटतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे. तिथून मज्जारज्जूतून किडनीच्या वर बसलेल्या ग्रंथींना, आणि तिथून अॅड्रेनलीन रक्तात. काही सेकंदात काळजाचे ठोके, श्वास, डोळ्याची बाहुली, सगळं बदलतं. रक्त पोटाकडून पायाच्या स्नायूंकडे वळतं. अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी हे मांजरावर बघितलं, मांजर बिथरलं की एक्स-रेमध्ये त्याच्या पोटाची हालचाल बंद पडलेली दिसायची, त्यातूनच पुढे त्यांनी 'लढा नाहीतर पळा' ही कल्पना मांडली, 1915 सालची गोष्ट. आपल्या गोठ्यात याची खूण अगदी सोपी आहे, घाबरलेलं जनावर रवंथ करत नाही. मी नवीन जागी गेलो की आधी थर्मामीटर काढत नाही, लांब उभा राहून जबडा बघतो.

दुसरी खूण दुधाची. म्हैस नवीन माणसाला पान्हावत नाही, बायका म्हणतात पान्हा चोरते. ती चोरत नाही. 1941 साली अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघांनी गायींना मुद्दाम घाबरवून बघितलं, गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि शेजारी कागदी पिशव्या फोडल्या, आणि दूध उतरायचं थांबलं. पान्हा सोडणारा ऑक्सिटोसिन आणि भीतीचं अॅड्रेनलीन यांचं जमत नाही. म्हणून धारेच्या वेळी ओरडू नका असं मी प्रत्येक गोठ्यात सांगतो, ते लाड म्हणून नाही.

तापीथडी, एक काम आधी करा. पाखऱ्याचा खांदा दाबून बघा आणि पुढचे खूर बघा. त्या दिवशी जू वाकडं झालं म्हणता, आत कुठे दुखत असेल आणि उतारावर जूचा भार खांद्यावर येताना कळ निघत असेल तर त्याला रोज तिथेच नव्याने झटका बसतोय, ताईंच्या उंदरासारखा. मग कितीही शिकवा, उपयोग नाही.

सातपुडा_पायवाट

मी यावल अभयारण्याच्या बाजूला पाल, लंगडा आंब्याकडे बरीच वर्षं पायी हिंडतोय, मेंदूचं शिक्षण नाही पण बघण्याची सवय आहे. भीतीच्या पायऱ्या असतात हे जंगलात उघड दिसतं.

रोही म्हणजे नीलगाय लांबून माणूस दिसला की चरायचं थांबवते, तोंडात घास तसाच, आणि नुसती बघते. अजून पुढे गेलं तर एक ठराविक अंतर असतं, ते ओलांडलं की मगच पळते, त्याआधी नाही, पळण्यात ताकद जाते. स्वित्झर्लंडचे हेडिगर म्हणून प्राणीसंग्रहालयाचे संचालक होते, त्यांनी या अंतराला नावच दिलंय, पलायन-अंतर म्हणू आपण. ज्या शिवारात रोही हाकलायला रोज फटाके वाजतात तिथे हे अंतर मी डबल झालेलं बघितलंय. आणि कोपऱ्यात अडकली, पळायला वाटच नाही, तर तीच गरीब रोही अंगावर येते.

वानरांचं अजून वेगळं. बिबट्या दिसला की हुप्प्या खाकरल्यासारखा ओरडतो आणि खाली असलेलं भेकर वर बघत नाही, बिबट्या बघितलेला नसतो, तरी शेपटी वर करून सुटतं. म्हणजे दुसऱ्याची भीती ऐकून स्वतःची तयार होते. आबांच्या वडिलांच्या बैलाचं तेच झालं असणार.

अमळनेरकर

पायवाटदादा, तुम्ही ज्या पायऱ्या सांगितल्या त्या 1988 मध्ये फॅन्सेलो आणि लेस्टर यांनी उंदरावरून मांडल्या आहेत, धोका किती जवळ आलाय त्यानुसार वागणं बदलतं. लांब आहे, दिसलेला नाही, तर सावध फिरणं. दिसला, तर थिजणं. अंगाला भिडला, तर उडी, चावा, लाथ. आणि मेंदूतही जागा बदलतात. मेंदूच्या मध्यभागी एक बारीक नळी असते, तिच्या भोवतीचा राखाडी भाग, त्याला पीएजी म्हणतात. त्याच्या वरच्या भागाला बारीक करंट दिला की उंदीर-मांजर पळत सुटतं, खालच्या भागाला दिला की थिजतं. 2007 मध्ये लंडनला माणसांना एमआरआयमध्ये झोपवून गेम खेळायला दिला, स्क्रीनवर शिकारी ठिपका पाठलाग करतो आणि पकडलं तर हाताला खरा झटका. ठिपका लांब असताना कपाळामागचा विचार करणारा भाग जास्त चालत होता, जवळ आला की काम सरकत सरकत पीएजीकडे गेलं. अगदी जवळ आलेल्या धोक्यापुढे आपल्यात आणि उंदरात फार फरक उरत नाही.

आबांच्या बैलाबद्दल, हो, बघून शिकता येतं. 1980 च्या दशकात अमेरिकेत सुसान मिनेका यांनी दाखवलं की प्रयोगशाळेत जन्मलेली माकडं सापाला घाबरत नाहीत, पण दुसरं माकड सापाला घाबरताना बघितलं की काही मिनिटांत शिकतात. व्हिडिओत फेरफार करून माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं तर मात्र शिकत नाहीत. म्हणजे काही गोष्टींना घाबरायची पाटी आधीच अर्धी लिहिलेली असते.

केळीबाग

ताई, मी वर जे लिहिलं त्यावर दोन दिवस विचार करतोय. एक गोष्ट सांगतो जी मी घरीही नीट सांगितली नव्हती. मागच्या हिवाळ्यात लाईट रात्रीची होती, दीड वाजता केळीला पाणी भरायला गेलो. दोन ओळींच्या मधून जाताना बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले, पंधरा फुटांवर. बिबट्या. माझ्या हातात फावडं होतं. मी ओरडलो नाही, पळालो नाही, फावडं उचललं नाही. मी काहीच केलं नाही. पाय जमिनीत रोवल्यासारखे, आणि खोटं वाटेल, पण काळीज धडधडण्याऐवजी एकदम शांत झाल्यासारखं, ठिबकच्या नळीतून पाणी टपकतंय ते ऐकू येत होतं. तो वळला आणि पानं सारत निघून गेला. त्यानंतर मी खाली बसलो आणि मग थरथर सुरू झाली, अर्धा तास. भावाने नंतर विचारलं फावडं हातात असून उभा काय राहिला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी भित्रा आहे असंच मनात धरून बसलो होतो.

अमळनेरकर

दादा, तुम्ही भित्रे नाही. थिजताना काळजाचे ठोके वाढत नाहीत, कमी होतात, हे हरणाच्या पाडसांपासून उंदरापर्यंत मोजलेलं आहे. अंग ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबून धरतं. कान-डोळे जास्त तीक्ष्ण होतात, म्हणून तुम्हाला ठिबक ऐकू आलं. हलणारी वस्तू शिकाऱ्याला पटकन दिसते आणि पळणाऱ्याच्या मागे तो लागतो, लाखो वर्षांत जे न हलता उभे राहिले त्यातले बरेच वाचले, त्यांचाच मेंदू आपल्याकडे आलाय. धोका गेल्यावर जी थरथर आली ती दाबून धरलेल्या अॅड्रेनलीनची.

धुळ्याची_लेक

हे वाचून लिहायची हिंमत होतेय. कॉलेजात असताना गर्दीच्या बसमध्ये एका माणसाने त्रास दिला. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही, हात उचलला गेला नाही, स्टॉप आला तरी मी तशीच उभी. घरी सांगितलं तर पहिला प्रश्न, ओरडली का नाहीस. आज चौदा वर्षं झाली, तो प्रश्न मी स्वतःलाच विचारत आले. पाखऱ्याबद्दल वाचताना पहिल्यांदा वाटलं की माझ्या आतही कोणीतरी मला थांबवलं होतं.

अमळनेरकर

ताई, हो. अगदी तेच. थिजण्याच्या पुढची एक अवस्था असते, पकडलं गेल्यावर, सुटका नाही असं मेंदूला वाटल्यावर अंग पूर्ण बंद पडतं. कोंबडी उलटी दाबून धरून सोडली की काही मिनिटं तशीच पडून राहते, 1646 साली किर्शर यांनी हे लिहून ठेवलंय. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर दवाखान्यात आलेल्या 298 स्त्रियांशी बोलून 2017 साली एक अभ्यास छापून आला, त्यातल्या 70 टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्या वेळी अंग असं ठप्प झालं होतं, 48 टक्क्यांमध्ये अगदी टोकाचं. ओरडणं ही निवड त्या क्षणी हातात नसते. तुम्हाला तो प्रश्न विचारणाऱ्यांना हे वाचायला द्या.

आबा_पारोळा

बेटा, तुझी काहीच चूक नव्हती. लिहिलंस ते चांगलं केलंस.

गोठा_डॉक्टर

अमळनेरकर ताईंशी एका मुद्द्यावर मला वाद घालायचाय. लेडू यांचंच नंतरचं म्हणणं मी वाचलं, 2014 च्या सुमाराचं, की जनावरात आपण जे बघतो त्याला 'भीती' म्हणू नये, 'बचावाचा प्रतिसाद' म्हणावं, कारण वाटणं ही जाणिवेची गोष्ट आहे आणि ती मोजता येत नाही. मला हे पटत नाही. रात्री दोन वाजता अडलेल्या गायीच्या पोटात हात घातलाय मी, तिचे डोळे बघितलेत. तिला वाटत नाही असं म्हणणारा गोठ्यात उभा राहिलेला नाही.

अमळनेरकर

डॉक्टर, लेडू वाटत नाही असं म्हणत नाहीत, ते म्हणतात की थिजणं मोजून वाटणं मोजलं असं समजू नका. माणसातही दोन्ही सुटे होतात. अमेरिकेत एक बाई आहेत, अभ्यासात फक्त एस. एम. या अक्षरांनी ओळखल्या जातात, एका दुर्मिळ आजाराने त्यांचे दोन्ही अमिग्डाला गेलेत. साप हातात घेतात, दरोडेखोराला घाबरत नाहीत. सगळ्यांना वाटलं यांच्यात भीतीच नाही. मग 2013 मध्ये त्यांना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला आणि त्या गुदमरून प्रचंड घाबरल्या. म्हणजे बाहेरच्या धोक्याची भीती अमिग्डालातून, पण आतून गुदमरण्याची भीती दुसऱ्या वाटेने येते. एकच 'भीतीचं बटण' असं काही नाही. तुमच्या बाजूचेही मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले, याक पँकसेप, ते शेवटपर्यंत म्हणाले की जनावराला वाटतं आणि त्याचं मूळ मेंदूच्या खालच्या जुन्या भागात आहे. मी स्वतः अजून ठरवलेलं नाही. पण रोज संध्याकाळी पिंजरे बंद करताना मी तुमच्या बाजूला झुकते, हे कबूल करते.

तापीथडी

सगळ्यांचे फार आभार. डॉक्टरांनी सांगितलं तसं बघितलं. खूर ठीक आहेत पण उजव्या खांद्यावर दाबलं की तो अंग चोरतो, केसांखाली सुपारीएवढी गाठ आहे. मला तीन महिने कळलं नाही याचं फार वाईट वाटलं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे मळतो तेवढंच, नंतर कोण बघतं. आता औत बंद, इथल्या डॉक्टरांनी औषध दिलंय. पण गाठ गेल्यावर पुढे काय करायचं?

अमळनेरकर

आता केळीभाऊंच्या दाबून नेण्याच्या मुद्द्याचं उत्तर. भीती पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हनेच बघितलं होतं की घंटेनंतर खायला मिळतं हे शिकलेल्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटते, मग घंटा वाजवून खायला दिलं नाही तर ती लाळ हळूहळू थांबते, पण काही वेळ जाऊ दिला की परत येते. भीतीचंही तसंच आहे. जुनी आठवण अमिग्डालात राहते, तिच्यावर कपाळामागच्या भागातून एक नवीन शिकवण बसते, 'इथे आता काही होत नाही', आणि ती जुनीला दाबून ठेवते. ही नवीन शिकवण कच्ची असते आणि जागेला बांधलेली असते, दुसरीकडे शिकवली तर इथे चालत नाही. म्हणून अंगणात सिमेंटवर चालवून उपयोग नाही, त्याच फरशीवर शिकवावं लागेल. आणि दाबून नेण्यातली अडचण हीच की 'काही होत नाही' हे शिकवायचं असताना तुम्ही आर टोचता, म्हणजे तिथे दुखतं हेच पुन्हा पक्कं होतं.

गोठा_डॉक्टर

गाडी न जोडता न्या, नुसता कासरा. सर्जाला पुढे ठेवा, शांत सोबती असला की घाबरलेल्या जनावराचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी वाढतं हे मेंढ्यांत-गायींत बघितलेलं आहे. बाभळीपाशी कान पुढे झाले की तिथेच थांबा, ओढू नका, सरकी-ढेप ठेवा आणि वाट बघा. दुपारी न्या, सकाळ-संध्याकाळ लांब सावल्या पडतात, गुराला खोली नीट कळत नाही, सावली त्याला खड्डा वाटते. आणि रवंथ, तीच तुमची मीटर.

तापीथडी

फरशीवर न्यायला लागल्याचा आज एकविसावा दिवस, म्हणून लिहितो. गाठ दोन आठवड्यांत बसली, त्यानंतरच सुरुवात केली. पहिले चार दिवस बाभळीच्या पुढे गेलो नाही. ढेप ठेवली तरी तोंड लावायचा नाही, सर्जाच खाऊन टाकायचा. पाचव्या दिवशी त्याने मान खाली घातली. नवव्या दिवशी पुढचे दोन पाय सिमेंटवर, खूर वाजला तसा परत मागे. मी काही बोललो नाही. बाराव्या दिवशी सर्जाच्या शेपटीला नाक लावून पलीकडे गेला. मला वाटलं झालं, आणि तेराव्या दिवशी पुन्हा बाभळीपाशी खुंटासारखा. ताईंनी आधीच लिहिलं होतं म्हणून खचलो नाही, परत ढेप, परत वाट. केळीभाऊंनी फोन करून दोनदा विचारपूस केली, त्यांचे खास आभार.

दादांनी आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) मुदत दिलीय, तोपर्यंत बाजाराचं नाव काढणार नाहीत. काल ते स्वतः सोबत आले होते, नाल्याच्या काठावर उभे राहिले, बोलले काही नाहीत.

आज रिकामी गाडी जोडून नेली. फरशीच्या मध्यावर असताना समोरून एका पोराने मोटरसायकलचा हॉर्न वाजवला. पाखऱ्याचं अंग उडालं, कान मागे गेले, मी कासरा ढिला सोडला. सर्जा चालत राहिला. चार-पाच श्वास गेले असतील. मग त्याने पाय टाकला.

पलीकडच्या लिंबाखाली गाडी सोडली आणि मी बिडी न पेटवता नुसता त्याच्याकडे बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग मानेखालून एक गोळा वर सरकताना दिसला आणि जबडा हलायला लागला.